कोल्हापुरात राहायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परत कोल्हापूरला यावं का, बदली झाली तर घर कुठं बघावं, पोरांना तिथं काही भवितव्य आहे का, असं विचारणारे फोन आणि निरोप वर्षभर येत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली, कारण तिथं थोडक्यात सांगून भागत नाही.

कोल्हापूर आता पूर्वीचं राहिलं नाही म्हणतात. खरं आहे का?

ज्याला विचाराल त्याच्या वयावर उत्तर ठरतं. सत्तरीतल्या माणसाच्या कानात अजून शाहू मिलचा भोंगा आहे. ती गिरणी २००३ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेचं काय करायचं ही चर्चा त्यानंतर वर्षानुवर्षं चालत आली. पन्नाशीतला माणूस रंकाळ्यात पोहायला शिकल्याचं सांगतो. तिशीतल्याला रंकाळा म्हणजे संध्याकाळची भेळ आणि मधूनच येणारा वास. प्रत्येकाचं 'पूर्वीचं' वेगळं.

माझं मत विचाराल तर शहराचं नाव आणि तिथलं रोजचं जगणं एका चालीनं चालत नाही. नाव एकदा झालं की दोन-तीन पिढ्या पुरतं. नळाचं पाणी, नाला, रस्ता, पोरांची नोकरी हे सगळं पाच-दहा वर्षांत पालटतं. कोल्हापूरचं नाव आजही खणखणीत आहे. पण त्या नावाच्या आडोशाला काही गोष्टी बिघडत गेल्या आणि आपण 'जगात भारी' म्हणत तिकडं कानाडोळा केला. काही गोष्टी सुधारल्या, त्याही तितक्याच खऱ्या आहेत.

एवढं नाव झालं ते कशामुळं?

लोक पटकन अंबाबाई, कुस्ती, चप्पल, गूळ आणि तांबडा-पांढरा सांगतात. देऊळ शतकानुशतकांचं आहे. बाकी बऱ्याच गोष्टींच्या मागं मात्र कुणीतरी ठरवून केलेलं काम आहे, आणि त्यातलं पुष्कळ काम शाहू महाराजांच्या २८ वर्षांच्या कारकिर्दीतलं. मिरजेहून रेल्वे त्यांच्या आधी, १८९१ ला आली होती. १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ उभी राहिली. १९०१ पासून एकेक वसतिगृह निघत गेलं. १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९०६ मध्ये गिरणी, १९१२ मध्ये कुस्तीचं खासबाग मैदान, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. राधानगरीचं धरण त्यांनी सुरू केलं, ते पूर्ण व्हायला त्यांच्या पश्चात कितीतरी वर्षं गेली. पण नदीकाठची ऊसशेती त्याच पाण्यावर उभी आहे.

दसरा चौकात उभं राहून नजर फिरवा. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशा इमारती आजही तिथं आहेत. खेड्यातलं पोर शिकायला आलं तर राहायचं कुठं, या साध्या अडचणीवर दिलेलं ते उत्तर होतं. त्या खोल्यांत राहून शिकलेली पोरं पुढं मास्तर, वकील, सहकारी संस्थांचे चालक झाली. शहराचं नाव असं होतं. जाहिरातीनं होत नाही.

पुढची पिढी कारागिरांची. बाबूराव पेंटरांनी इथंच देशी कॅमेरा घडवला आणि १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच निघाली. चार वर्षांत, १९३३ मध्ये, ती पुण्याला गेली. तरी 'कलानगरी' हे नाव कोल्हापूरलाच चिकटून राहिलं. त्याच सुमाराची मिस्त्री मंडळी लेथ आणि भट्टीकडं वळली, आणि पुढं उद्यमनगर उभं राहिलं. तिथं इंजिनं झाली, मग फौंड्री वाढली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं, १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे तेच जुनं पॅलेस थिएटर, आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलाकार रस्त्यावर उभे राहून रडत होते. वास्तू पुन्हा उभी करता येते. पण शंभर वर्षांपूर्वी कुणी बांधून दिलेलं आपण नीट सांभाळतो का, हा सवाल त्या रात्रीनं शहरापुढं ठेवला.

२०१९ आणि २०२१ सारखा महापूर पुन्हा येईल का?

येईल असं धरूनच चाला.

पंचगंगा म्हणजे कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला त्या एकत्र येतात आणि लगेच खाली शहर सुरू होतं. घाटमाथ्यावर तीन-चार दिवस पाऊस कोसळला की सगळं पाणी इथंच येतं. पुढं नदीला उतार कमी. नरसोबाच्या वाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं दाबतं. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव पाणी अडवतो, ही इथली जुनी तक्रार आहे. २०१९ मध्ये तोच पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर दोन राज्यांचा वाद चालूच आहे, चालू दे. पूरपट्ट्यातल्या बांधकामांवर मात्र वाद घालायला जागा नाही, ती आपल्या डोळ्यांदेखत झाली.

पावसाळ्यात इथला माणूस सकाळी उठून आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ फुटांवर. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपसूक उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. म्हणून त्या दिवसांत चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न असतो, "किती दारं उघडली?" नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं सोडवून बाहेर काढायला लागली की शहरातले शहाणे लोक तळमजल्यावरचं सामान वर चढवतात.

आता एक चांगली गोष्ट. २०१९ मध्ये घरं सोडायला लोक तयार नव्हते, 'आमच्याकडं एवढं येत नाही' म्हणून बसले आणि अडकले. २०२१ मध्ये बरेच जण आधीच बाहेर पडले. शहर शिकतंय, पण हे शिकणं अजून बांधकामाच्या परवानगीपर्यंत पोचलेलं नाही.

मग घर कुठं घ्यावं?

अमुक भागात घ्या असं सांगणार नाही. बघायचं कसं ते सांगतो.

पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. बिल्डरनं दाखवलेल्या कागदावर थांबू नका, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करा. त्यानंतर त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला गाठा आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. तो हातानं भिंतीवरची खूण दाखवेल. दुधाळी, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग, जामदार क्लबचा परिसर इथं हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

नदीपासून लांब आहात म्हणूनही निर्धास्त होऊ नका. जयंती नाला आणि त्याला मिळणारे ओढे शहराच्या पोटातून जातात. शिवाय जुन्या कोल्हापुरात तळी पुष्कळ होती, ती बुजवून मैदानं, बागा, मंडया झाल्या. गांधी मैदान हे मूळचं वरुणतीर्थ. जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी साठतं. जमिनीला आपली जुनी ओळख ठाऊक आहे.

नळाला पाणी येतं का? पिण्यासारखं असतं का?

येतं. आणि या एका बाबतीत शहरानं चाळीसएक वर्षांचं एक भांडण जवळजवळ जिंकलं आहे.

पूर्वी पाणी बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर इथून उपसलं जाई. महापूर आला की ही उपसा केंद्रंच बुडत. म्हणजे दारात पुराचं पाणी आणि नळ कोरडा, टँकरपुढं घागरींची रांग. काळम्मावाडी धरणातून बंद नळानं पाणी आणा ही मागणी त्यातून जोर धरत गेली. तिच्यावर निवडणुका लढवल्या गेल्या, मोर्चे निघाले, एक पिढी म्हातारी झाली. सुमारे ५० किलोमीटरच्या थेट पाईपलाईनचं काम २०१४ मध्ये सुरू झालं आणि २०२३ च्या दिवाळीत पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं.

अजून अडचणी आहेत. तिकडं वीज गेली, पंप बिघडला, कुठं गळती लागली की दोन-तीन दिवस बोंब होते. शहरातल्या वाहिन्याही जुन्या आहेत. भाड्यानं घर घेताना पाण्याची वेळ आणि टाकी किती लिटरची हे विचाराच.

हद्दवाढ, हद्दवाढ म्हणून ऐकतो. त्याचा माझ्याशी काय संबंध?

सगळा संबंध आहे. हद्दवाढ म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेच्या हद्दीत घेणं. कोल्हापूर कळायचं तर हाच प्रश्न समजून घ्यावा लागतो.

नगरपालिका १८५४ ची. १९७२ मध्ये महापालिका झाली. तेव्हापासून २०११ ची जनगणना होईपर्यंत हद्द एकदाही वाढली नाही. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि त्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६. पण माणसं हद्द बघून राहत नाहीत. उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, सरनोबतवाडी, उजळाईवाडी इथं शहर कधीच पोचलं आहे. बसमधून बघितलं तर कुठं महापालिका संपते आणि कुठं ग्रामपंचायत लागते हे रस्त्यावरचे दिवे आणि कचऱ्याचा ढीग यावरून कळतं.

गावांचा विरोध का, हेही ऐकून घ्यायला हवं. गावकरी म्हणतात, घरफाळा वाढणार, शेतीवर आरक्षणं पडणार, आणि बदल्यात मिळणार काय? आहे त्या शहराचे रस्ते तरी धड आहेत का? हा सवाल खोटा नाही. शहरातले लोक म्हणतात, पाणी आमचं, बस आमची, दवाखाना आमचा आणि कर मात्र द्यायचा नाही. तेही खरं. २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं. त्यानं दोन्ही बाजूंचं समाधान झालं नाही.

मला वाटतं, सांडपाण्याच्या एका मुद्द्यावर तरी शहर आणि गाव एकत्र बसायला हवं. उपनगरातला मैला ओढ्यातून शेवटी पंचगंगेतच जातो, आणि खालच्या अंगाला इचलकरंजी-शिरोळची माणसं तेच पाणी पितात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. नदीला हद्द कळत नाही.

फ्लॅट घेताना तो महापालिकेत येतो, ग्रामपंचायतीत की प्राधिकरणात, हे लेखी बघा. पाणी, कचरा, घरफाळा, बांधकाम परवाना सगळं त्यावर ठरतं.

पोरं शिकली की पुण्याला जातात. इथं कामधंदा नाही का?

धंदा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत फौंड्री आणि मशीन शॉप दिवसरात्र चालतात. देशभरातल्या ट्रॅक्टर-ट्रकमध्ये इथलं कास्टिंग आहे. चांगल्या मोल्डरला, सीएनसी चालवणाऱ्याला काम शोधावं लागत नाही. पण कॉम्प्युटर शिकलेल्या पोराला, पोरीला इथं जागा तोकडी पडते. आयटी पार्कची नुसती चर्चा ऐकून एक पिढी हिंजवडीला स्थायिक झाली. उद्योजक विजेच्या दरापायी कर्नाटकात जाण्याची भाषा अधूनमधून करतात, तीही हवेत उडवून लावण्यासारखी नाही.

जे गेले ते सणाला येतात. पण तालीम, मंडळ, नाटकाची संस्था, फुटबॉलचा संघ चालवायला दर शनिवारी माणूस लागतो. पेठेतली बिनपगारी कामं करणारा तरुणच गावात नसला की शहर आतून रिकामं होतं. पुण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, इथं पगार हवा.

सर्किट बेंचमुळं काही फरक पडेल?

पडेल, पडायला लागलाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे इथं बसून खटले ऐकणारं पीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता मुंबईऐवजी इथं येतात. वकिलांनी त्यासाठी चार दशकं लढा दिला. आजऱ्याच्या किंवा देवगडच्या शेतकऱ्याचं काम दिवसाभरात होऊन तो रात्री घरी जातो, याचं मोल मोठं आहे. सोबत भाडी वाढणार, भाऊसिंगजी रोडवर गाडी लावायला जागा मिळणार नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाला मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत मिळाली, पुण्याची वंदे भारतही त्याच वर्षी आली. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची वाट मात्र अजून बघतोच आहोत.

देवळाजवळच्या पेठेत राहावं का?

माणसं आवडत असतील तर जरूर राहा. शांतता हवी असेल तर नको. शनिवार-रविवार, सुट्ट्या आणि नवरात्रात महाद्वार रोड, ताराबाई रोड, बिंदू चौक इथं पाऊल ठेवायला जागा नसते. कितीतरी जुन्या घरांच्या खोल्या आता यात्रेकरूंना भाड्यानं जातात. धंद्याला ते बरं, पण पेठेतला शेजार विरळ होतो.

वाढत्या शहराचा देवळावर काय परिणाम होतो ते किरणोत्सवात बघायला मिळतं. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. वाटेत एखाद्या इमारतीचा कठडा, पाण्याची टाकी आडवी आली की किरण कमरेपर्यंत येऊन थांबतात. मग मोजणी होते, अडथळे हटवण्याची मागणी होते. सगळी पेठ त्या पाच-सात मिनिटांकडं डोळे लावून असते.

रंकाळा सुधारला का?

पूर्वीच्या मानानं बरा आहे. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आणि सांडपाण्यानं तळ्याचा जीव घुसमटला होता. नाले वळवले, केंदाळ काढलं, चौपाटी सजवली. पण सांडपाणी पूर्ण बंद झाल्याशिवाय सजावटीला अर्थ नाही. गणपतीत मात्र कोल्हापूरकरांनी खरंच मोठं मन दाखवलं. हजारो घरगुती मूर्ती आता नदीत-तळ्यात न सोडता दान केल्या जातात किंवा रंकाळ्याजवळच्या इराणी खणीत विसर्जित होतात. हुकमानं हे झालं नसतं. शाळा आणि तरुण मंडळांनी वर्षानुवर्षं लोकांना समजावलं म्हणून झालं.

शाहूंचं गाव म्हणता, मग २०२३ ची दंगल?

जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. २०२४ च्या जुलैत विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं फोडली गेली. याला 'बाहेरची पोरं होती' म्हणून झटकून टाकता येत नाही. पुरोगामी शहर हे बिरुद कुणी एकदा दिलं म्हणून कायम राहत नाही.

आणि याच शहरात ६ मे २०२२ ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी १० वाजता १०० सेकंद सगळं थांबलं होतं. चौकात गाड्या बंद करून माणसं उभी राहिली. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. दोन्ही कोल्हापूरचीच माणसं. तुम्ही कुणाशेजारी उभं राहायचं ते तुम्ही ठरवा.

सारखी आंदोलनं होतात, त्याचा त्रास नाही का?

होतो. पण टोल आठवा. रस्ते प्रकल्पाच्या बदल्यात शहराच्या वेशीवर नाके बसले तेव्हा एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी डाव्या चळवळीतली वयोवृद्ध माणसं उन्हात रस्त्यावर बसली. सगळे पक्ष, पेठा, रिक्षावाले मागं उभे राहिले, आणि अखेर टोल रद्द झाला. तो दिवस बघायला पानसरे नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. थेट पाईपलाईन, सर्किट बेंच, टोल, या तिन्ही गोष्टी अर्ज देऊन गप्प बसल्यानं झालेल्या नाहीत.

खाण्यापिण्याचं काय?

त्याची काळजी करू नका. सकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळ ग्लास तिथंच हातात देतात. मिसळीला कट वेगळा मागा. आणि सगळं कोल्हापुरी जेवण जाळ असतं हा बाहेरच्यांनी करून घेतलेला समज आहे. घरच्या पांढऱ्या रश्श्याला तिखटापेक्षा खोबरं आणि तिळाची चव असते.

निवृत्तीनंतर यावं का?

यावं. हवा चांगली, दवाखाने चांगले, अंतरं छोटी. पाचव्या मजल्यावर घर घेणार असाल तर लिफ्टला जनरेटर आहे का बघा. पदपथ मात्र बहुतेक ठिकाणी चालण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

बाहेरून आलेल्याला इथं सामावून घेतात का?

घेतात, पेठेच्या कार्यक्रमाला चार वेळा दिसलात की. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची मुलं म्हातारपणी हे गाव बघायला परत आली. फाळणीनंतर त्याच माळावर सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी केली. तुम्ही तर फार लांबून येत नाही.

आल्यावर शहरासाठी काय करता येईल?

पहिल्या वर्षी एवढं करा. आपला प्रभाग आणि नगरसेवक कोण ते शोधा. पावसाळ्याआधी आपल्या भागातला ओढा साफ झालाय का ते जाऊन बघा. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा नकाशा नीट पाहा. त्यात तुमच्या गल्लीमागचा ओढा दाखवलाय का, दाखवला असेल तर खरा आहे तेवढाच रुंद आहे का, हे तपासा. नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.